युवा गट एकमेकांतच रमतो. बाकीच्या धर्मग्रामाशी, आणि त्याही पलीकडे, कसा जोडायचा?

युवा_सोबती

वसई धर्मप्रांतातल्या एका जुन्या, मराठी धर्मग्रामातला (पॅरिशमधला) प्रश्न आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

युवा गट चांगला आहे. वय १५ ते २५, नियमित येणारी तिसेक मुलंमुली. नाताळची गव्हाण, क्रिकेट स्पर्धा, उपवासकाळातली दुःखसहनाची नाटिका, सणाला स्टॉल, सगळं झोकात होतं. पण होतं ते त्यांच्यात त्यांच्यात. मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) मागच्या खांबाशी घोळका, मिस्सा संपली की हॉलमध्ये घोळका. पाळकीय परिषदेतल्या (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळातल्या) माणसांची नावं त्यांना ठाऊक नाहीत आणि परिषदेला त्यांची नाहीत. स्टेशनच्या बाजूच्या इमारतींत राहायला आलेली कोकणी, मल्याळी, तमिळ घरं इंग्रजी मिस्सेला येतात. त्यांच्यातलं एकही पोर आमच्या गटात नाही. इतर पंथांची चर्चेस, गावातलं देऊळ, मशीद हा तर पुढचा पल्ला.

फादरांनी वर्षाची आखणी मागितली आहे. मला क्रम हवाय: आधी काय, मग काय, आणि काय करूच नये? ‘मुलांना प्रेमाने समजवा’ छापाचे सल्ले नकोत, ते पाठ आहेत.

खांबामागचा

मागच्या खांबाबद्दल वाईट बोलायचं नाही. चर्चमधला एकमेव चालणारा पंखा तिथे आहे.

जुना_कॉयर

सुरुवात वेदीपासून करा, कारण ती सगळ्यांना दिसते. पण ‘युवा रविवार’ करून नव्हे. वर्षातून एकदा बायबलमधली सगळी वाचनं, सगळी गाणी, अर्पणाची मिरवणूक पोरांच्या हाती द्यायची आणि पुढचे ५१ रविवार त्यांना विसरायचं, याने अंतर वाढतंच. त्यापेक्षा रोजच्या यादीत एकेकाला घाला. एक वाचन ज्येष्ठाचं, एक तरुणाचं, दर रविवारी. दोघं बाजूबाजूला बसतील, एकत्र पुढे जातील. एवढ्यानेच नावं कळतात.

करण्याची पद्धत:

वाचनाचा कागद गुरुवारपर्यंत हातात. शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं रिकाम्या चर्चमध्ये खऱ्या माईकवर सराव, आणि शिकवणारा त्या रविवारचा ज्येष्ठ वाचकच. माईक तोंडापासून वीतभर लांब, थोडा हनुवटीच्या खाली, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. ग्रंथात तांबड्या शाईत छापलेलं काहीही वाचायचं नाही. वाचन संपल्यावर मनात तीन आकडे मोजायचे, मगच समारोपाचं वाक्य.

एक चूक सगळीकडे होते. दुसरं वाचन आखूड असतं म्हणून ते नवशिक्याला देतात. अहो, ते बहुतेक वेळा संत पौलाचं पत्र! एकेक वाक्य चार ओळींचं, क्रियापद शेवटी. पोरगं दमछाक होऊन मध्येच तुटतं आणि परत माईकजवळ फिरकत नाही. नवशिक्याला गोष्ट असलेलं वाचन द्या. पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतरच्या आठवड्यांत) पहिलं वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून असतं, तिथे प्रसंग असतात, संवाद असतात. सुरुवात करायला तो काळ उत्तम.

सायली_गिरीज

अनुमोदन. विश्वासूंच्या प्रार्थनाही घ्या यात. त्या छापील पुस्तकातून वाचण्यापेक्षा गटाने आठवड्याला दोन लिहायच्या, फादरांनी शुक्रवारी तपासायच्या. अट एकच: एक प्रार्थना धर्मग्रामातल्या ठोस गोष्टीसाठी हवी. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचं पीक पाण्यात गेलं, कोणाची बोट बंद आहे. ते कळायला पोरांना चार घरी विचारावं लागतं. खरं काम ते आहे, प्रार्थना हे निमित्त. आजाऱ्याचं नाव घरच्यांना विचारल्याशिवाय माईकवर घ्यायचं नाही, हे आधी बजावून ठेवा.

खुर्चीसंघ

हे वेदीचं वगैरे ठीक, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. धर्मग्रामात तरुणांना ‘सामील करून घेणं’ म्हणजे खुर्च्या लावणं, मांडव बांधणं, शिडीवर चढून लाइटिंग करणं. हातभार हवा, मत नको. मग पोरं हॉलमध्येच बरी असतात. तिथे निदान निर्णय त्यांचे.

आयत्या_वेळचा

@खुर्चीसंघ, बरोबर. त्यावरचा उपाय परिषदेच्या बैठकीत आहे. ‘युवा प्रतिनिधी’ म्हणून एकच जागा देतात. वीस मोठ्यांत एक एकोणीस वर्षांचं पोर काय बोलणार? दोन जागा मागा, शक्यतो एक मुलगा, एक मुलगी. दोघांची मुदत एकदम संपू देऊ नका. एक जुना राहिला की नव्याला कळतं कोण कशाला चिडतं.

कार्यक्रमपत्रिका आठ दिवस आधी प्रतिनिधींच्या हातात पाहिजे, म्हणजे ते गटाला विचारून येतील. आणि युवांचा विषय दोन किंवा तीन नंबरला घ्यायला लावा. तो नेहमी ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलला जातो, तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात आणि निम्मी परिषद चपला शोधत असते.

पोरांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा. चर्चच्या कायद्यात (कलम ५३६) पाळकीय परिषद सल्लागार आहे, अंतिम शब्द प्रमुख धर्मगुरूंचा. हे न सांगता पाठवलं तर पहिला ठराव बाजूला पडला की ‘आमचं कोणी ऐकत नाही’ म्हणून दोघंही यायचे बंद. मात्र सल्ला मागितला म्हणजे उत्तरही द्यायला हवं. पुढच्या बैठकीत मागच्या सूचनेचं काय झालं हे इतिवृत्तात यावं, होकार असो वा नकार.

हिशेबनीस

पैशाचं आत्ताच बोलून घ्या. हाऊजी, कार्निव्हल, स्टॉल यातून युवा गटाकडे रोकड जमते आणि ती कोणाच्या तरी घरी डब्यात असते. डबा वेगळा तर संसार वेगळा. ती रक्कम धर्मग्रामाच्या हिशेबात स्वतंत्र शीर्षकाखाली आणा. खर्चाला दोन सह्या, एक गटाची, एक अर्थ समितीची. कलम ५३७ प्रमाणे अर्थ समिती प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी, तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ ही सबब चालत नाही. गटाला धाक असतो की पैसे रंगकामात जातील. म्हणून पहिल्याच बैठकीत लिहून घ्या: या शीर्षकातला पैसा गटाला विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवायचा नाही.

मोगरा_पुणे

क्रम विचारलाय तर मी उलटं सांगेन. चर्चच्या आतल्या भूमिका नंतर, आधी घरभेटी. माईकवर वाचणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, पण त्याला कोण दिसतं?

व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची पद्धत घ्या. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम आणि त्याच्या सोबत्यांनी ती सुरू केली तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे ही मुळात तरुणांचीच चाल. नियम साधा: घरी जायचं ते दोघांनी, नेमाने, त्याच घरी पुन्हा. इथे दोघं म्हणजे एक तरुण आणि एक मोठं माणूस. आजाऱ्यांना कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) न्यायला जाणाऱ्यांसोबत महिन्यातून एकदा तरुण पाठवा.

तपशील महत्त्वाचे. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. रुग्णाच्या खाटेवर बसायचं नाही, खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. फोन खिशात, फोटो नाही. रुग्णाला कमी ऐकू येत असेल तर ओरडायचं नाही, समोर येऊन सावकाश बोलायचं. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. ‘बुधवारी औषधं आणून देऊ का’ असं विचारा.

जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिवस असतो, २०२१ पासून. पहिली फेरी त्या सुमारास लावली की फादरांना प्रवचनातही आधार मिळतो.

जुना_कॉयर

@मोगरा_पुणे, घरभेटींना विरोध नाही, पण पहिल्या महिन्यात सतरा वर्षांच्या मुलाला मरणासन्न माणसाच्या खोलीत पाठवलं तर तो दुसऱ्यांदा जाणार नाही. वाचन सोपं आहे, मोजकं आहे, पंधरा दिवसांत जमतं. आधी पाय ओला करू द्या.

मोगरा_पुणे

मरणासन्न कोण म्हणालं? गुडघे दुखतात म्हणून चर्चला न येणाऱ्या आज्या गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्यापासून सुरू करा. चहा मिळतो वर.

खांबामागचा

आणि रेवड्या. मी गटात यायला तयार आहे.

लोकलवाला

वेळापत्रकाचं कोणी बोलेना म्हणून. गटातल्या वीसच्या पुढच्या पोरांचा निम्मा जीव विरार लोकलमध्ये जातो. संध्याकाळी सातची बैठक लावली की फक्त शाळकरी मुलं येतात, आणि मग ‘मोठी मुलं रस घेत नाहीत’ असा निष्कर्ष. आठवड्यातली बैठक ठेवायचीच तर रात्री सव्वानऊला, पाऊण तास, मिनिटावर बंद. नाहीतर रविवार सकाळ.

वर्ष जूनपासून मोजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी, त्यातच उपवासकाळ, एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि प्रथम कम्युनियन. नवं काही सुरू करायचं तर जून ते सप्टेंबर.

आयत्या_वेळचा

आगमनकाळापासून (नाताळच्या आधीच्या आठवड्यांपासून) का नको? उपासनेचं वर्ष तिथेच सुरू होतं.

लोकलवाला

कारण आगमनकाळात सगळे गव्हाणीचा बांबू शोधत असतात.

नायगाव_इस्ट

आता इंग्रजी मिस्सेवाल्यांच्या बाजूने. इमारतींतल्या मुलांना तुमच्या गटाचं निमंत्रण जातं तेव्हा ते मराठी फलकावर असतं, आणि तिथे पोचल्यावर सगळे आपसात सामवेदी बोलीत बोलतात. पोरगं दहा मिनिटं उभं राहतं आणि निघून जातं. कोणी हाकललेलं नसतं, पण बोलावलेलंही नसतं.

‘आमच्या गटात या’ हे थांबवा. तिसरी जागा तयार करा जी दोघांचीही नाही. सर्वांत सोपी म्हणजे तेझेच्या धर्तीची प्रार्थना. फ्रान्समधलं तेझे १९४० मध्ये ब्रदर रॉजर यांनी सुरू केलं. त्या समुदायात कॅथलिकही आहेत, प्रॉटेस्टंटही. तिथली गाणी म्हणजे एक-दोन ओळी, पुन्हा पुन्हा म्हणायच्या, बऱ्याच लॅटिनमध्ये. लॅटिन कोणाच्याच आईची भाषा नाही, त्यामुळे कोण वरचढ हा प्रश्न उठत नाही.

पंचेचाळीस मिनिटांची रचना: दोन गाणी, एक स्तोत्र, एक छोटं वाचन (आधी मराठीत, मग इंग्रजीत, दोन वेगळ्या वाचकांकडून), पुन्हा गाणं, शांतता, विनवण्या, प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकाच वेळी, शेवटची प्रार्थना, गाणं. शांतता हा गाभा. तेझेत ती पाच ते दहा मिनिटांची असते, आपल्याकडे पहिल्यांदा तीनच ठेवा, दर महिन्याला एक वाढवा. शांतता सुरू होण्याआधी ती किती वेळ आहे हे सांगा, नाहीतर दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी कॉयरला खूण करतं.

मेणबत्त्यांनी काय बिघडतं तेही लिहितो. पंखा लावला तर विझतात, बंद केला तर वसईच्या ऑक्टोबरात माणसं विझतात. काचेचे ग्लास घ्या, तळाला बोटभर वाळू, आणि ते सगळे एका पत्र्याच्या ताटात. सतरंजीपासून लांब.

खुर्चीसंघ

भाषेच्या नावाखाली एक गोष्ट झाकली जातेय. सामवेदी, वाडवळ, कोळी हे आपल्याआपल्यातले गट आधी बघा. क्रिकेटच्या टीमा कशा पडतात ते पाहिलंत तर कळेल. इमारतवाले नंतर.

नायगाव_इस्ट

मान्य. तिथे उपाय स्वस्त आहे. टीम चिठ्ठ्या टाकून पाडा, आळीवार नको. प्रत्येक टीममध्ये किमान दोन मुली आणि एक चाळिशीपुढचा खेळाडू सक्तीचा. ओव्हर-आर्म असेल तर चाळिशीवाले घाबरतात, म्हणून बॉक्स क्रिकेट, टेनिस बॉल, सहा षटकं. पहिल्या वर्षी कुरकुर होते, कारण चषकावर आळींची नावं कोरलेली असतात. तो चषक कपाटात ठेवा आणि नवा आणा.

सिस्टर_नाही_मावशी

पालकांच्या बाजूने दोन ओळी, कारण मोठ्यांमध्ये मिसळा म्हणणं सोपं आहे. घरभेटीला, शिबिराला, दुसऱ्या चर्चला, कुठेही जाताना अठराखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती. त्यात जागा, परतीची वेळ, सोबतच्या दोन मोठ्यांची नावं. एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल ही जोडी कधीच नाही, म्हणून वर सांगितलेल्या जोड्यांत अल्पवयीन असेल तर तिघं जायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाशी खाजगीत निरोप नको, गटावरच, आणि गटात एक पालक. काही गैर कानावर आलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपसात बघू’ हा पर्याय तिथे नाही. हे सगळं एका पानावर लिहून हॉलच्या दारावर लावा.

युवा_सोबती

हे राहूनच गेलं होतं, आभार. पुढचा भाग कोणी घेईल का? इतर पंथ. वसईत आम्ही कॅथलिक इतके आहोत की प्रॉटेस्टंट माणूस पोरांना फक्त पुस्तकात भेटतो.

पंचहौद_परिसर

पुण्याहून. आमच्याकडे पेठेतून छावणीत जाईपर्यंत चार पंथ लागतात, त्यामुळे थोडा सराव आहे.

ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा १८ ते २५ जानेवारी. साहित्य दर वर्षी व्हॅटिकन आणि चर्चेसची जागतिक परिषद मिळून काढतात, ते वापरा, स्वतः काही जुळवत बसू नका. पण आपल्याकडे त्या आठवड्यात शाळांची २६ जानेवारीची तयारी आणि बारावीच्या पूर्वपरीक्षा. दक्षिण गोलार्धात बऱ्याच ठिकाणी हाच आठवडा पेन्टेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या) सुमारास पाळतात. तुम्हीही तसं करू शकता, तेव्हा सुट्टी असते.

आता नेमकं कुठे अडतं:

प्रभूच्या प्रार्थनेत. प्रॉटेस्टंट शेवटी ‘राज्य, सामर्थ्य’ ची ओळ जोडतात, कॅथलिक त्याआधीच थांबतात. निम्मं सभागृह गप्प, निम्मं बोलतंय, आणि पोरं खुसखुसतात. शब्दही मध्येमध्ये वेगळे. कोणता पाठ म्हणायचा ते आधी ठरवून कागदावर छापा.

वाचनात. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. बेनसिरा, तोबित, मक्काबी यातलं वाचन निवडलंत तर पाहुण्यांच्या हातातल्या पुस्तकात ते सापडणार नाही.

कम्युनियनमध्ये. यात तडजोड नाही, कलम ८४४ च्या मर्यादा आहेत. म्हणून संयुक्त कार्यक्रम मिस्सा म्हणून ठेवूच नका. शब्दविधी, गाणी, प्रार्थना ठेवा. मिस्सेतच पाहुण्यांना बोलावलंत तर वाचनही सहसा कॅथलिकानेच करायचं असतं, अपवादाला बिशपांची परवानगी लागते. १९९३ च्या ऐक्यविषयक निर्देशिकेत आहे. ही गोष्ट पाहुण्यांना फोनवरच सांगावी. रांगेत उभं राहिल्यावर सांगितली तर ती अपमानासारखी लागते.

दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंची परवानगी आधी. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चची रचना वेगळी आहे. १९७० साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन ते झालं, त्यामुळे एकाच बिशपक्षेत्रात अँग्लिकन वळणाचं आणि मेथडिस्ट-काँग्रिगेशनल वळणाचं चर्च शेजारीशेजारी असू शकतं. एकात गुडघे टेकतात, दुसऱ्यात नाही. पोरांना सांगून न्या: जिथे जे उभे राहतात तिथे उभं राहायचं, बाकी हात जोडून बसलं तरी चालतं.

नगरी_भाकर

गाण्यांचा प्रश्न असेल तर नारायण वामन टिळकांकडे या. प्रॉटेस्टंट होते, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे, पण अभंगाच्या चालीवरची भजनं पंथ विचारत नाहीत. पेटी, तबला, टाळ. गिटारवाल्याला एक दिवस सुट्टी द्या. अडचण एवढीच की वसईच्या कॉयरला चार आवाजांत गायची सवय आणि भजनात एकच आवाज. सोप्रानो मंडळी रुसतात.

जुना_कॉयर

रुसत नाहीत. वरची पट्टी झेपत नाही तुमच्या पेटीवाल्याला.

नगरी_भाकर

काळी दोन. या एकदा.

सायली_गिरीज

धागा पेटीत अडकायच्या आत: गाण्यापेक्षाही एकत्र काम आधी ठेवा, प्रार्थना नंतर. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट सगळेच पाळतात. त्यात गणपतीही येतात बहुतेक वर्षी. तलावाकाठी निर्माल्य गोळा करायचं काम युवा गट शेजारच्या मंडळाबरोबर करू शकतो. तीन गोण्या: फुलं-पानं, कापड-दोरे, प्लास्टिक-थर्माकोल. हातमोजे रबरी, कापडी नको, पाच मिनिटांत चिंब होतात. फुलांतल्या टाचण्या बोटात जातात, म्हणून फुलांची गोणी हाताने दाबायची नाही. ते खत धर्मग्रामाच्या बागेत आणि देवळाच्या बागेत अर्धंअर्धं.

हिरव्या वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागे फक्त चर्चची माणसं नव्हती. पाणी आणि जमीन सगळ्यांची होती. पोरांना ते ऐक्य प्रवचनातून न सांगता गोणी उचलून कळू दे.

आईची_काळजी

माझा थेट प्रश्न. देवळाजवळ काम केलं, प्रसाद पुढे आला, आरती सुरू झाली. मुलांनी काय करायचं? आणि आमच्या घरच्या ज्येष्ठांना काय सांगायचं? हे ठरवल्याशिवाय पाठवणार नाही.

पंचहौद_परिसर

रास्त प्रश्न. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २७ ऑक्टोबर १९८६ ला असिसीत सगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावलं तेव्हा जी चौकट होती तीच इथे लावा: प्रार्थनेसाठी एकत्र यायचं, पण एकाच प्रार्थनेत मिसळायचं नाही. प्रत्येकाने आपली प्रार्थना आपल्या पद्धतीने, बाकीच्यांनी आदराने उभं राहायचं.

म्हणजे आरतीला चपला काढून शांत उभं राहायचं, ताट फिरवायचं नाही, टाळी वाजवायची सक्ती नाही. प्रसादाबद्दल प्रत्येक घराचं मत वेगळं असतं. मंडळाच्या कार्यकर्त्याला आधीच सांगून ठेवलं की तोही अवघडत नाही. आणि आपल्या बाजूने पत्रकं, बायबलच्या प्रती असलं काही न्यायचं नाही. गोण्या उचलायला गेलात, गोण्याच उचला.

निर्मळवाट

निर्मळच्या यात्रेलाही हेच. एका गावात पवित्र क्रुसाचं चर्च आणि शंकराचार्यांची समाधी, दोन्हीकडे गर्दी जमते. पिण्याचं पाणी, हरवलेल्या मुलांचा कोपरा, रिक्षांना जागा दाखवणं ही कामं युवा गटाला जमण्यासारखी आहेत. पाण्याला जार आणि स्टीलचे पेले. पेले विसळायला दुसरं पिंप लागतं, ते सगळे विसरतात. दोन तासांच्या पाळ्या, पाळीत चौघं. प्रत्येक पाळीत देवस्थानाकडचा एक माणूस मागून घ्या. हरवलेलं मूल सापडलं की पोलीस मदत केंद्रात द्यायचं, माईकवर मुलाचं वर्णन करायचं नाही. नुसतं ‘एक मूल सापडलं आहे’, आणि नेणाऱ्याने वर्णन सांगायचं.

कोरियाला_चला

जागतिक युवा दिन २०२७ सोलला आहे, ३ ते ८ ऑगस्ट. गटाला ‘मोठा विश्वासी समुदाय’ दाखवायला याहून चांगलं काय?

हिशेबनीस

तिकीट.

लोकलवाला

मी याच्या विरुद्ध आहे, आणि फक्त तिकिटामुळे नाही. दोघं-तिघं जातात, उरलेले वर्षभर त्यांच्यासाठी हाऊजी विकतात. परत आल्यावर फोटोंचा एक कार्यक्रम, संपलं. पाठवायचंच तर आधी ठरवा की जाणाऱ्याने परतल्यावर वर्षभर कोणतं काम घ्यायचं. नाहीतर ख्रिस्तराजाच्या रविवारी धर्मप्रांताच्या पातळीवर युवा दिन असतो (२०२१ पासून तो झावळ्यांच्या रविवारावरून तिथे हलवला), त्याला तीसच्या तीस जणांना न्या. त्याच्या आदल्या रविवारी गरिबांचा जागतिक दिवस. हे दोन लागोपाठचे रविवार एकच उपक्रम म्हणून घेता येतात: पहिल्यात काम, दुसऱ्यात इतर धर्मग्रामांच्या गटांसमोर त्याची मांडणी.

मोगरा_पुणे

एक मोठी गळती कोणीच मोजत नाही. बारावीनंतर पोरं पुण्याला, बंगळुरूला जातात, पुढे कॅनडा, आखात. गावात पाच वर्षं गटात असलेली मुलगी हॉस्टेलवर आल्यावर जवळचं चर्च कुठे आहे हेही शोधत नाही, कारण तिच्यासाठी चर्च म्हणजे ते तीस जण. त्या गावचा गट कितीही छान असो, इथे तो हरतो.

जाण्याआधी महिनाभर: नव्या जागेच्या धर्मग्रामाचं नाव, मिस्सेच्या वेळा आणि भाषा काढून द्या. फादरांचं एक परिचयपत्र, त्यात ती काय करू शकते ते स्पष्ट: वाचक आहे, दुसरा आवाज गाते, हिशेब लिहिते. ‘सक्रिय सदस्य’ एवढ्यावर कोणी काम देत नाही. तिकडच्या एका माणसाला फोन करून सांगा की ही येतेय. आणि मुलांना हे माहीत नसतं, की कुठे तीन महिने राहिलं किंवा तेवढं राहायच्या इराद्याने गेलं की चर्चच्या कायद्याने (कलम १०२, १०७) ते त्या धर्मग्रामाचेही होतात. पाहुणे म्हणून मागे उभं राहायची गरज नाही.

जुन्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून काढू नका, पण पहिले दोन महिने ‘तिकडे कोणाला भेटलीस?’ एवढं विचारा. गव्हाणीचे फोटो पाठवून तिला रडवू नका.

युवा_सोबती

खूप मिळालं. फादरांकडे न्यायला असा क्रम लावलाय: जूनमध्ये संमतीपत्रं, पैशाचं शीर्षक आणि परिषदेत दोन जागा. जूनपासूनच वाचकांच्या जोड्या, जुलैअखेर चालत्याफिरत्या आज्यांच्या घरभेटी. सप्टेंबरात निर्माल्य, ऑक्टोबरात तेझे प्रार्थना इमारतवाल्यांबरोबर. नोव्हेंबरचे दोन रविवार लोकलवाला म्हणतात तसे. इतर पंथांची भेट पेन्टेकॉस्टला, घाईने जानेवारीत नाही. सोल सध्या बाजूला. दोन्हीकडून सांगितलेलं एकाच वेळी सुरू करतोय, जुना_कॉयर आणि मोगरा दोघांनीही समजून घ्यावं.

एक अडलंय. सकाळच्या मिस्सेला एक काका आहेत, पहिलं वाचन वर्षानुवर्षं त्यांचंच. यादी बदलली तर ते दुखावतील, आणि त्यांच्यामागे निम्मी आळी.

आयत्या_वेळचा

हे तुम्ही सांगायचं नाही, पोरांनी तर मुळीच नाही. फादरांनी त्यांच्या घरी जाऊन सांगायचं, आणि यादी लागायच्या आधी.

जुना_कॉयर

आणि ‘आता नव्यांना संधी द्या’ हे वाक्य फादरांनीही वापरायचं नाही. त्यांच्याकडे शनिवारचा सराव द्या. आवाज कुठे टाकायचा, कुठे थांबायचं हे त्यांना येतं, म्हणूनच इतकी वर्षं वाचताहेत. पवित्र गुरुवारचं आणि पुनरुत्थानाच्या जागरणातलं एक वाचन त्यांच्या नावावर कायम ठेवा, जागरणात जुन्या करारातलीच सात वाचनं असतात, जागा भरपूर आहे. पहिली दोन पोरं त्यांनीच निवडायची. स्वतः निवडलेलं पोर अडखळलं तर ते पुढच्या बाकावरून ओठ हलवून शब्द देतील.